स्टोअर रुसलंय? घड्याळाकडे मात्र बघू नका

विंडोजवरचं मायक्रोसॉफ्ट स्टोअर चालत नसेल तर आधी त्याच चिन्हावर पुन्हा क्लिक करा. मग जरा जोरात. माउसपर्यंत आपली कळकळ पोहोचली पाहिजे.

एवढ्यात पडद्यावर 0x80131500 असा आकडा येईल. सोबतचा मजकूर साधारण असा की, पुन्हा प्रयत्न करा, आणि लागलाच तर हा आकडा असू द्या. वहीत उतरवून घ्या, एकही शून्य गाळू नका. हातात काहीतरी लिहिलेलं असलं की माणसाला धीर येतो.

आता विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबून 'डब्ल्यूएसरीसेट' चालवा. एक काळी चौकट उघडेल. तिच्यात एक अक्षरही नसेल. आत स्टोअरची कॅशे, म्हणजे तात्पुरती साठवलेली माहिती, पुसली जात असते, पण तसं सांगायची पद्धत नाही. चौकट आपली आपण मिटते आणि स्टोअर उघडतं. म्हणजे खिडकी उघडते. आत तोच आकडा.

मग सेटिंग्जमध्ये जा. तिथे स्टोअरच्या ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये रिपेअर आणि रीसेट अशी दोन बटणं सापडतील. रिपेअर दाबलं की थोड्या वेळानं बटणाशेजारी बरोबरची खूण उमटते. काय मोडलं होतं, काय जोडलं, याचा पत्ता नाही. फायलीवर 'कार्यवाही पूर्ण' असा शेरा असतो ना, तशीच ही खूण. तिच्यावर विश्वास ठेवून लगेच रीसेटही दाबा.

तरी नाही? फार उत्तम, आता पॉवरशेल, म्हणजे विंडोजला लेखी हुकूम सोडायची खिडकी. इंटरनेटवरून एक लांबलचक ओळ उचला, अर्थ न बघता चिकटवा आणि एंटर मारा. लाल अक्षरांचा पाऊस पडेल. त्यात 0x80073D02 दिसला तर नशीबवान आहात: स्टोअर सध्या वापरात असल्यामुळे त्याला हात लावता येत नाही, असं तो सांगतो. सकाळपासून तुम्हाला वापरता न आलेलं तेच स्टोअर.

0x80070422 आला तर अर्थ सरळ आहे, विंडोजची पडद्यामागे राबणारी कुठलीतरी सर्व्हिस बंद आहे. बहुतेक 'विंडोज अपडेट'. 'मामा, कॉम्प्युटर फास्ट करून देतो' म्हणत भाच्यानं दिवाळीत ती बंद केलेली असते, आणि स्टोअरची डाउनलोडं तिच्याच भरवशावर चालतात. चालू करा, पण भाच्याला बोलू नका. त्याची गरज लागणार आहे.

एक पथ्य मात्र कसोशीनं पाळा. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात खाली तारीख असते, तिकडे अजिबात बघायचं नाही. तिथे 1 जानेवारी 2015 असं काही दिसलं तर सगळी मजाच गेली. वीज नसताना घड्याळ चालू ठेवणारा, मदरबोर्डवरचा (कॉम्प्युटरच्या आतल्या मुख्य पट्टीवरचा) सीआर 2032 हा नाण्याएवढा सेल संपला की घड्याळ असं मागे पळतं. मग स्टोअरच्या सर्व्हरचं सुरक्षा प्रमाणपत्र कॉम्प्युटरला अजून लागूच न झालेलं वाटतं आणि तो बोलणं तोडतो. 0x80072F8F हा आकडा बहुधा हेच सांगत असतो, म्हणून तो वहीत घेऊ नका. क्रोमसुद्धा 'तुमचं घड्याळ मागे आहे' असं तोंडावर सांगतो. चोंबडा आहे, दुर्लक्ष करा.

आता भाच्याला बोलवा. तो आल्या आल्या म्हणेल, 'फॉरमॅट मारावा लागेल.' मारू द्या. फोटोंचा बॅकअप आहे का, हे तो नंतर विचारेल. विंडोज नव्यानं टाकताना तारीख तेवढी तो नीट लावेल आणि स्टोअर धाडकन चालू होईल. श्रेय फॉरमॅटचं. चहा द्या, सोबत चकली द्या, चारचौघांत कौतुक करा. सेलचा विषय निघत नाही, काढूही नका. फक्त रात्री झोपताना, वीज वाचवायला म्हणून, भिंतीवरच्या बोर्डाचं बटण आठवणीनं बंद करा.