जॉर्डन लव्हला निवडलं तेव्हा मी टीव्ही बंद केला होता

दर एप्रिलमध्ये एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगचा, ड्राफ्ट आला की शिकागोला राहणारा माझा नागपूरकर मित्र आणि मी फोनवर भांडतो. तो शिकागो बेअर्सचा चाहता, मी ग्रीन बे पॅकर्सचा. भांडणाचा विषयही ठरलेला: संघाकडे चांगला क्वार्टरबॅक (चेंडू टाकून चढाई चालवणारा खेळाडू) असताना पहिल्या फेरीत आणखी एक कोवळा क्वार्टरबॅक घ्यावा का? यंदा तासभर बोलूनही माझं मन मोकळं झालं नाही, म्हणून इथे लिहितोय.

ज्यांना अमेरिकन फुटबॉल फारसा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ड्राफ्ट म्हणजे आयपीएलसारखा लिलाव नाही, इथे पैशाची बोली लागत नाही. 32 संघ, 7 फेऱ्या, कॉलेजमधून आलेली पोरं, आणि आदल्या हंगामात जो संघ सगळ्यात वाईट खेळला त्याचा नंबर पहिला. म्हणजे चांगल्या संघाची पाळी पहिल्या फेरीच्या शेवटी शेवटी येते, तीही वर्षातून एकदाच. ती एक संधी कोणावर खर्चायची, एवढाच प्रश्न.

एप्रिल 2020. लॉकडाऊन होता, संघांचे अधिकारी आपापल्या घरी बसून निवड कळवत होते आणि मी मिलवॉकीतल्या घरात टीव्हीसमोर. पॅकर्स 13 विजय, 3 पराभव असा झकास हंगाम खेळून कॉन्फरन्सच्या (लीगच्या अर्ध्या भागाच्या) अंतिम सामन्यात सॅन फ्रान्सिस्कोकडून 37-20 हरले होते. आमचा क्वार्टरबॅक आरोन रॉजर्स 36 वर्षांचा होता. आम्हाला सगळ्यांना एकच हवं होतं: त्याच्या दिमतीला एक चांगला रिसीव्हर, म्हणजे त्याचे पास झेलणारा खेळाडू. पॅकर्सनी काय केलं? चौथ्या फेरीतली निवड मायामीला देऊन 30 वरून 26 व्या नंबरवर आले आणि यूटा स्टेट कॉलेजचा क्वार्टरबॅक जॉर्डन लव्ह घेतला. आदल्या हंगामात ज्याने 17 इंटरसेप्शन दिली होती (म्हणजे ज्याचे 17 पास प्रतिस्पर्ध्यांनी झेलले होते), तो! मी टीव्ही बंद केला आणि जेवलोही नाही.

माझा राग अगदीच अनाठायी नव्हता. जानेवारी 2021 मध्ये लॅम्बोवर, पॅकर्सच्या घरच्या मैदानावर, टॅम्पा बे विरुद्धचा कॉन्फरन्सचा अंतिम सामना झाला. शेवटची दोन मिनिटं, आपण 31-23 असे मागे, चौथा डाऊन (म्हणजे चौथा आणि शेवटचा प्रयत्न), गोल लाइन आठ यार्डांवर. आणि प्रशिक्षकांनी फील्ड गोल, म्हणजे चेंडूला लाथ मारून मिळणारे तीनच गुण, घ्यायला लावला. 31-26 झाले, पण चेंडू परत आपल्या हातात आलाच नाही. त्याआधीच्या तीन डाऊनमध्ये तीन पास वाया गेले होते. लव्हनंतर अवघ्या सात निवडींनी सिनसिनाटीने टी हिगिन्स या रिसीव्हरला घेतलं होतं. तो त्या दिवशी एंड झोनमध्ये, गोल लाइनपलीकडे, उभा असता तर? हा प्रश्न मी आजही टाळू शकत नाही, आणि माझा मित्र दर वर्षी नेमकं तिथेच बोट ठेवतो.

तरीही सांगतो, निवड बरोबर होती.

क्वार्टरबॅकचं काम हाताच्या ताकदीवर चालत नाही. समोर बचाव कसा उभा आहे, दबाव कुठून येणार, त्यासाठी आपल्या लाइनला (क्वार्टरबॅकला वाचवणाऱ्या फळीला) काय सांगायचं, आणि चेंडू हातात आल्यावर अडीच-तीन सेकंदांत कोणाकडे टाकायचा, हे सगळं मुरायला वेळ लागतो. तो वेळ बाकावर बसून मिळतो. रॉजर्स स्वतः 2005 साली 24 व्या नंबरवर आला, तेव्हा क्वार्टरबॅक म्हणून ब्रेट फार्व्ह संघात होता. रॉजर्स तीन वर्षं थांबला आणि मग त्याने आम्हाला सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकून दिला. लव्हही तीन वर्षं थांबला. 2020 मध्ये तो एकाही सामन्यात मैदानावर उतरला नाही. 2021 मध्ये कॅन्सस सिटीत पहिल्यांदा सुरुवातीपासून खेळला, तर 13-7 हरलो. 2023 मध्ये संघ त्याच्या हाती आला आणि पहिल्या नऊ सामन्यांत सहा पराभव! मग शेवटच्या आठ सामन्यांत 18 टचडाऊन पास (म्हणजे सहा गुण मिळवून देणारे पास) आणि फक्त एक इंटरसेप्शन. प्लेऑफमध्ये डॅलसला त्यांच्याच घरात 48 गुण मारले. त्या रात्री मी लेकाला मिठी मारून रडलो.

आता बेअर्सकडे बघा. सप्टेंबर 2021 मध्ये त्यांचा नवा क्वार्टरबॅक जस्टिन फील्ड्स क्लीव्हलँडविरुद्ध पहिल्यांदा सुरुवातीपासून खेळला. बिचाऱ्याला नऊ वेळा सॅक केलं, म्हणजे पास टाकण्याआधीच पाडलं. सॅकमध्ये गेलेले यार्ड वजा केले तर त्या दिवशी बेअर्सचा पासिंगचा हिशोब निघाला एक यार्ड. त्या मुलात गुण नव्हते असं मी कधीच म्हणणार नाही. त्याच्यापुढे धड लाइन नव्हती आणि शिकायला सवड नव्हती. गरज पडल्यावर क्वार्टरबॅक शोधायला निघालात की सवड कुठून देणार?

मित्र म्हणतो, "अरे, पण सी. जे. स्ट्राउड पहिल्याच वर्षी चमकला ना!" चमकला, खरंय. पण तो दुसऱ्या नंबरवर मिळाला. आमच्यासारख्या जिंकणाऱ्या संघाच्या पाळीला तसला मुलगा उरतच नाही. आमच्या वाट्याला कच्चा हिराच येणार, त्याला पैलू पाडायला दिवस द्यावेच लागणार.

पैशाचा मुद्दा मात्र मला मान्य आहे. पहिल्या फेरीतल्या मुलाचा पगार चार वर्षं ठरलेला आणि त्या मानाने कमी असतो. त्या काळात वाचलेल्या पैशातून बाकीचा संघ भक्कम करता येतो. आम्ही त्यातली तीन वर्षं लव्हला बसवून घालवली आणि 2024 मध्ये त्याला चार वर्षांचे 22 कोटी डॉलर मोजले. कॅन्सस सिटीने त्यांच्या क्वार्टरबॅकला, महोम्सला, एकच वर्ष ॲलेक्स स्मिथमागे बसवलं आणि पुढच्याच वर्षी तो एमव्हीपी (लीगचा सर्वात मोलाचा खेळाडू) झाला. मला विचाराल तर एक-दोन वर्षं पुरे, तीन जास्त झाली. पण रॉजर्स 2020 आणि 2021 असे लागोपाठ दोन वर्षं एमव्हीपी ठरला, मग त्याला उठवणार कोण?

2025 चा ड्राफ्ट ग्रीन बेतच झाला, लॅम्बोच्या दारात. लेकाला घेऊन गेलो होतो. पॅकर्सनी 23 व्या नंबरवर मॅथ्यू गोल्डनचं नाव घेतलं. 2002 नंतर पहिल्या फेरीत घेतलेला आमचा पहिला रिसीव्हर! सगळे ओरडत होते, मीही ओरडलो, आणि मनात रॉजर्सची आठवण आली.

लव्ह 2032 मध्ये 34 वर्षांचा होईल. तेव्हाही तो झकास खेळत असेल अशी माझी मनापासून इच्छा आहे. आणि त्याच वर्षी पॅकर्सनी पहिल्या फेरीत कुणा कोवळ्या क्वार्टरबॅकचं नाव घेतलं, तर मी टीव्ही बंद करणार नाही.