ती पावडर गाडायची नसते, परत परत वापरायची असते

एक मेसेज सगळीकडे फिरतोय, बऱ्याच जणांनी पाहिला असेल. शास्त्रज्ञांनी म्हणे अशी नॅनो पावडर बनवलीय की 200 ग्रॅम पावडर एका झाडाएवढा कार्बन डायऑक्साइड शोषते, ती भरली की जमिनीखालच्या पोकळीत गाडायची, विषय संपला, कोळसा हवा तेवढा जाळा. आणि खाली कोणीतरी घाबरून लिहिलेलं असतं की हे सगळं एक दिवस फुटून वर येणार. मी हे एकेक करून घेतो, कारण पावडर खरी आहे, त्यामागचं काम खरंच सुंदर आहे आणि त्याचं असं काहीतरी करून टाकलेलं बघवत नाही.

आधी ते 200 ग्रॅम. पावडरचं नाव सीओएफ-999, अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात ओमर याघी या केमिस्टच्या लॅबमध्ये बनली, ऑक्टोबर 2024 मध्ये नेचर या विज्ञान नियतकालिकात पेपर आला. (दडपून ठेवलंय वगैरे काही नाही, याघींना 2025 चं केमिस्ट्रीचं नोबेलही विभागून मिळालं.) 200 ग्रॅम पावडर वर्षाला 20 किलो गॅस, म्हणजे साधारण एका झाडाएवढा, पकडू शकेल हा अंदाज त्या टीमनेच दिलेला आहे. पण ते एका दमात नाही! पावडरला डोळ्याला न दिसणारी बारीक भोकं असतात, आत अमाईन नावाची रसायनं चिकटवलेली, त्यांना हा गॅस धरतो, मग पावडर साधारण 60 अंशापर्यंत तापवली की गॅस सुटतो आणि पावडर परत रिकामी. एका खेपेला 200 ग्रॅम पावडर 20 ग्रॅमसुद्धा धरत नाही. म्हणजे 20 किलोसाठी वर्षात हजारापेक्षा जास्त वेळा भरा-रिकामी करायला लागेल, आणि पेपरमधली टेस्ट 100 खेपांची आहे, तेवढ्यात ती टिकली, जे खूपच चांगलंय, पण हजारो खेपा वेगळी गोष्ट.

म्हणून "भरली की गाडायची" हे वाक्य वाचून मी थांबलोच. गाडलीत तर एकच खेप मिळाली ना? एक किलो चांगला कोळसा जाळला की 2 किलोच्या वर कार्बन डायऑक्साइड निघतो, तो धरायला एका खेपेच्या हिशोबाने 20 किलोपेक्षा जास्त पावडर लागेल, म्हणजे किलोभर कोळशामागे 20 किलो महागडं मटेरियल मातीत. असं कोणी करत नाही, सुचवलेलंही नाही. जमिनीत जातो तो फक्त सुटा केलेला गॅस.

आता "पोकळी". खाली रिकामी गुहा नसते. गॅस दाबून 800 मीटरपेक्षा खोल सोडतात, तिथे दाब आणि उष्णता इतकी असते की तो जवळपास द्रवासारखा दाट होतो आणि वाळूच्या दगडातल्या बारीक छिद्रांत, खाऱ्या पाण्याच्या जोडीला बसतो, वर चिकणमातीच्या घट्ट दगडाचं झाकण लागतं. नॉर्वेने स्लाइपनर या गॅसच्या क्षेत्रात 1996 पासून उत्तर समुद्राखाली हेच केलंय, सुरुवातीची बरीच वर्षं तर वर्षाला 10 लाख टनांच्या आसपास.

"फुटणार" म्हणणाऱ्यांच्या डोक्यात बहुतेक कॅमेरूनचं न्योस सरोवर असतं. 1986 ला तिथे 1700 च्या वर माणसं गेली, फार भयंकर होतं ते, पण तो गॅस सरोवराच्या तळाच्या पाण्यात विरघळलेला होता, वर दगडाचं झाकण नव्हतंच. आइसलंडमध्ये तर कार्बफिक्स नावाच्या प्रकल्पाने गॅस पाण्यात विरघळवून बेसाल्टमध्ये, म्हणजे लाव्हापासून बनलेल्या काळ्या दगडात सोडला आणि 2016 च्या पेपरप्रमाणे दोन वर्षांच्या आत 95 टक्क्यांवर गॅसचा खनिज दगड झाला. भीती बाळगायचीच तर जुन्या, नीट न बुजवलेल्या तेल-गॅसच्या विहिरींची आणि हा गॅस नेणाऱ्या पाइपलाइनची बाळगा. 2020 ला अमेरिकेत मिसिसिपी राज्यात सटार्शिया गावाजवळ अशी लाइन फुटली, 40 पेक्षा जास्त लोकांना हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलं. ह्यावर प्रश्न विचारलेच पाहिजेत.

राहिलं "कोळसा हवा तेवढा जाळा", आणि याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो. इंधनं जाळून जग वर्षाला 3,700 कोटी टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडतं, आज पकडायची सगळी यंत्रं मिळून क्षमता आहे साधारण 5 कोटी टन, म्हणजे हजार टनांत दीड टनसुद्धा नाही. अगदी 20 किलोवाला आकडा पूर्ण खरा धरला तरी सगळं पकडायला 37 कोटी टन पावडर लागेल, वर ती तापवायची उष्णता, हवा खेचणारे पंखे, गॅस दाबायचे कॉम्प्रेसर. आणि हवेत हा गॅस जेमतेम 0.04 टक्के, कोळशाच्या वीज प्लँटच्या चिमणीत 12 ते 15 टक्के, म्हणजे एकदा बाहेर पडला की तो पकडणं कितीतरी अवघड, आणि चिमणीतच पकडायचा म्हटलं तरी आजच्या अमाईन पद्धतीत त्या प्लँटची पाचवा हिस्सा किंवा जास्तच ताकद त्यात जाते, मग तेवढी वीज भरून काढायला अजून कोळसा जाळावा लागतो.