‘सॅमन तर मरणारच’ या संदेशाबद्दल खुलासा

‘सॅमन अंडी घालून मरतातच, मग नदीत शिरणारे सगळे पकडले तरी काय बिघडतं?’ असा संदेश सध्या फिरतोय. (सॅमन म्हणजे समुद्रात वाढून अंडी घालायला नदीत येणारा मासा.) गेल्या आठवड्यात मीही तो पुढे पाठवला होता. तो चुकीचा आहे, म्हणून हा खुलासा.

पॅसिफिक सॅमन अंडी घातल्यावर मरतात, एवढं खरं. (अटलांटिक सॅमनपैकी काही वाचतात आणि पुन्हा समुद्रात जातात.) पण अंडी घालण्याआधीच सगळे पकडले, तर पुढची पिढी येणार कुठून? शिवाय मेलेल्या माशांमुळे समुद्रातलं पोषण नदीत उतरतं. अस्वलं, किडे, काठची झाडं, सगळ्यांना त्याचा आधार असतो.

म्हणूनच अलास्कात किती मासे वरच्या प्रवाहात पोहोचायला हवेत, हे आधी ठरवतात. तिथल्या ब्रिस्टल बे या उपसागराच्या परिसरातल्या अनेक नद्यांच्या काठी मचाण उभारून लोक दर तासाला ठरावीक मिनिटं मासे मोजतात. पुरेसे मासे वर गेले नाहीत, तर मासेमारी थांबवतात. तिथेच वॉशिंग्टन विद्यापीठाचे संशोधक १९४० च्या दशकापासून सॅमनचा अभ्यास करताहेत आणि विद्यार्थीही ओढ्यांत उतरून मासे मोजायला शिकतात. माशाच्या कानातल्या बारीक हाडावरची वलयं मोजून त्याचं वय कसं काढतात, हे मला सगळ्यात विलक्षण वाटलं. इतक्या वर्षांच्या नोंदी हाताशी असल्यामुळेच मर्यादा ठरवता येते.

तो जुना संदेश कृपया पुढे पाठवू नका. आधीच पाठवला असेल, तर त्याच गटात हा खुलासा टाका.