टेबल सॉ घ्यायचाच, तर मोठा घ्या

लाकूडकाम शिकायचं ठरवलंत, अभिनंदन. आता करवत, रंधा, पटाशी, गुण्या या मार्गाला चुकूनही जाऊ नका. ती हत्यारं हातात बसायला वर्ष जातं आणि एवढी स्वस्त असतात की चार लोकांत सांगताही येत नाहीत. सुरुवात थेट टेबल सॉपासून, म्हणजे टेबलाच्या फटीतून गोल पातं वर येणाऱ्या विजेच्या करवतीपासून करावी. काय बनवणार, हा प्रश्न घरचे विचारतील. ‘किचनच्या ट्रॉल्या’ असं ठणकावून सांगा. ४०-५० हजारांची खरेदी मंजूर करून घ्यायला याहून खात्रीचं कारण नाही. ट्रॉल्या कधी, हे सांगायचं बंधन नसतं.

निवडीसाठी अमेरिकेतले व्हिडिओ बघावेत. दोन मोटारींच्या गॅरेजात एक प्रसन्न गृहस्थ २०० किलोंहून जड, बिडाच्या टेबलावर अक्रोडाची फळी चिरत असतो. तुमची ड्राय बाल्कनी ४ बाय ७ची आहे, तिथे वॉशिंग मशीन आहे आणि उरलेल्या जागेत कांद्यांची टोपली. पण माणसाने स्वप्न मोठं बघावं. पावसाळ्यात बिडाला गंज चढतो, तेव्हा त्यावर मेण घासत बसायचं. तोही छंदच.

जागेचा हिशेब दुकानात अजिबात करू नये. प्लायची शीट ८ बाय ४ फुटांची असते. ती उभी चिरताना सुरुवातीला ८ फूट ब्लेडच्या अलीकडे लागतात आणि शेवटी ८ फूट पलीकडे. म्हणजे निम्मं काम हॉलमध्ये टीव्हीसमोर सुरू होईल आणि उरलेलं रेलिंगबाहेर, खालच्या काकूंच्या कुरडयांवर संपेल. मुळात ही शीट लिफ्टमध्ये मावत नाही. १९ मिलिमीटरची असेल तर वजन ३० किलोंच्या पुढे, आणि तुम्ही पाचव्या मजल्यावर. मापं लिहून दिली तर काही प्लायवाले दुकानातच मोठ्या पॅनेल सॉवर सरळ, काटकोनात कापून देतात. अशा दुकानात पाऊल टाकू नका. एकदा तुकडे कापून मिळाले की तुमच्या खरेदीला अर्थच उरणार नाही.

विजेचं म्हणाल, तर १८०० वॉटचं मशीन २३० व्होल्टवर साधारण ८ अँपिअर खेचतं, आणि सुरू होताना क्षणभर त्याहून बरंच जास्त. बाल्कनीतला छोटा सॉकेट ६ अँपिअरचा. त्यात एक्स्टेन्शन बोर्ड लावा, त्यावर मोबाइलही चार्जिंगला ठेवा.

सोबत येणारं ब्लेड बहुधा २४ दातांचं असतं. उभं लाकूड चिरायला ते उत्तम. प्लाय आडवा कापला की वरच्या थराची लक्तरं निघतात. प्लायसाठी ६० दातांचं ब्लेड लागतं, पण मशीनवर इतका खर्च झाल्यावर ब्लेडवर आणखी पैसे कोण घालणार? कडांना मायका चिकटवून टाकायचा. फेन्स, म्हणजे फळी जिला टेकवून पुढे सरकवायची ती आडपट्टी, ब्लेडला समांतर आहे का, हेही मोजू नये, डोळ्यांनी बघितलं की झालं. मागच्या टोकाला अर्धा मिलिमीटर जरी आत आला, तर लाकूड मागच्या दातांवर दाबलं जातं, कड जळते, आणि पुढे काय होतं ते तुमच्या पोटाला कळतं. १० इंची पातं मिनिटाला ४००० फेऱ्यांनी फिरत असेल, तर त्याच्या दातांचा वेग ताशी १९० किलोमीटरच्या आसपास असतो. मागून वर येणाऱ्या दातांनी फळी उचलली, की ती त्याच वेगाच्या जोरावर तुमच्याकडे निघते.

हे होऊ नये म्हणून ब्लेडमागे एक पातळ पट्टी दिलेली असते, रायव्हिंग नाइफ. सागवान चिरताना आतला ताण सुटून फट मिटायला लागते, ती ही पट्टी मिटू देत नाही. वर पारदर्शक गार्ड. सोबत फळी ढकलायची प्लॅस्टिकची काठी. खोक्यातून निघाल्या निघाल्या या तिन्ही वस्तू माळ्यावर टाका. त्यांच्यामुळे फोटो चांगला येत नाही.

अमेरिकेत या मशीनच्या ब्लेडने दरवर्षी सुमारे ३० हजार लोक जखमी होतात, असं तिथलीच सरकारी यंत्रणा सांगते. १९९९ मध्ये स्टीफन गॅस या गृहस्थाने, जो भौतिकशास्त्रज्ञही होता आणि पेटंटचा वकीलही, एक युक्ती काढली: ब्लेडला त्वचेचा स्पर्श होताच विद्युत संकेत बदलतो, ॲल्युमिनियमचा ठोकळा दातांत घुसतो आणि ५ मिलिसेकंदांच्या आत पातं थांबतं. ठोकळा आणि ब्लेड दोन्ही बाद, बोटावर ओरखडा. त्याने काढलेल्या कंपनीचे सॉस्टॉपवाले प्रात्यक्षिकाला सॉसेज लावतात. आपल्याकडे ते काम बोटावरच उरकलं जातं.

इथे कोणीतरी मिस्त्रींचा विषय काढणारच. प्लायच्या तुकड्याला खाच पाडून खालून हातकटर उलटा बांधलेला, बटण चिकटपट्टीने दाबून ठेवलेलं, वर ना गार्ड ना काही, आणि त्यावर अख्ख्या फ्लॅटचं फर्निचर काढतात. ‘बघा, त्यांना काही लागत नाही!’ असं कौतुकाने म्हणायची पद्धत आहे. म्हणताना त्यांच्या डाव्या हाताकडे बघू नये. त्यांच्याकडे गार्ड नाही, कारण तो घ्यायला पैसे ठेकेदार देत नाही आणि काम संपवायची घाई तुम्हीच लावलेली असते. तुमच्याकडे तो आहे, माळ्यावर.

भुशाची काळजी करू नका. लाकडाची बारीक धूळ माणसात कर्करोग करते, असं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच नोंदवलं आहे, पण तुम्ही नाकाला रुमाल बांधणार आहात. मागच्या भोकाला व्हॅक्यूम क्लीनर जोडता येतो. तो दिवाळीच्या सफाईसाठी जपून ठेवावा. आवाजाची सोय सोसायटी करेलच. दुपारी २ ते ४ शांतता, सकाळी मुलांचा अभ्यास, रात्री नियम, आणि रविवारी सेक्रेटरी घरी असतात.

एवढं करूनही नवा घेणं जिवावर येत असेल, तर जुन्या वस्तूंच्या जाहिराती बघा. ‘फक्त दोनदा वापरलेला, जागेअभावी विकणे आहे’ असा टेबल सॉ मिळेलच. बघायला जाल तेव्हा मालकाला विचारा, यावर काय काय बनवलंत. तो तुम्हाला मशीनखालचं स्टँड दाखवेल. चार चाकं, दोन ड्रॉवर, वर व्यवस्थित पॉलिश. थोडे जास्त पैसे देऊन तेही घेऊन या, नाहीतर तुम्हाला बनवावं लागेल.