अर्ध्या ताटाची मागणी

गेल्या जानेवारीत, गड्ड्याची यात्रा भरलेली असताना, मी पंधरा दिवसांसाठी सोलापूरला आले होते. एका रविवारी दुपारी भाऊ, वहिनी, त्यांची दोन मुले, आई आणि मी असे सहा जण शहरातल्या एका थाळीच्या हॉटेलात जेवायला गेलो. गल्ल्याच्या वर पाटी होती : ‘एका थाळीत दोघांनी जेवू नये. तसे आढळल्यास दुसऱ्या थाळीचे पैसे घेतले जातील.’ मी वाढप्याला पाच थाळ्या सांगितल्या आणि माझ्यासाठी एक वाटी वरण व एक वाटी दही मागितले. सुटे काही मिळत नाही, टेबलावर बसणाऱ्या प्रत्येकाला थाळी घ्यावीच लागते, असे उत्तर आले. भावाने गल्ल्याशी जाऊन माझ्या पोटाच्या शस्त्रक्रियेबद्दल आणि मला थोडेच खाता येते याबद्दल सांगितले, तरी नियम बदलला नाही. आईसमोर वाद नको म्हणून आम्ही सहा थाळ्या घेतल्या.

त्या ताटात मला चालेल असे काय आहे, हे मी पाहत होते. कढी पातळ होती आणि घशाखाली सहज उतरणारी होती. ‘कढी गोड आहे का?’ असे मी विचारले, तेव्हा ‘नाही ताई, ताकाचीच आहे,’ असे वाढप्याने सांगितले. त्याने ते खोटे सांगितले असे मला वाटत नाही, कारण त्याच्या लेखी गोड म्हणजे बासुंदी. मी चार-पाच चमचे कढी घेतली. तिच्यात साखर होती हे जिभेला कळेपर्यंत उशीर झाला होता. हॉटेलातून निघून सात रस्ता चौकाच्या पुढे जाईपर्यंत मला दरदरून घाम फुटला, छातीत धडधडू लागले आणि पोटात पीळ पडू लागला. भावाने गाडी कडेला घेतली आणि पुढचा अर्धा तास मी मागच्या सीटवर आईच्या मांडीवर डोके ठेवून पडून राहिले. दोन्ही मुले तेवढा वेळ गाडीबाहेर उभी होती आणि काचेतून माझ्याकडे पाहत होती.

असे का होते, हे सांगायला हवे. २०२१ मध्ये जर्मनीतल्या स्टुटगार्टला माझी गॅस्ट्रिक बायपास शस्त्रक्रिया झाली. या शस्त्रक्रियेत जठराच्या वरच्या भागापासून साधारण ३० मिलिलिटरची एक छोटी पिशवी वेगळी करतात आणि ती थेट लहान आतड्याला जोडतात. पुढे ती पिशवी काहीशी सैल होते, पण एका वेळचे जेवण वाटीभराच्या फार पुढे जात नाही. खाल्लेले अन्न जठरात थांबून हळूहळू पुढे सरकण्याची सोय उरत नसल्यामुळे साखर, विशेषतः पातळ पदार्थातली साखर, एकदम आतड्यात उतरते. आतडे तिच्याबरोबर शरीरातले पाणी ओढून घेते, आणि मग घाम, धडधड, कळा आणि जुलाब होतात. याला डंपिंग म्हणतात. काही जणांना ते अर्ध्या तासाच्या आत होते, तर काहींना एक ते तीन तासांनी रक्तातली साखर एकदम खाली आल्यामुळे त्रास होतो. जेवताना आणि जेवणानंतर अर्धा तास पाणी प्यायचे नाही, प्रत्येक घास वीस-तीस वेळा चावायचा, दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिने पोटात जातील हे पाहायचे आणि जीवनसत्त्वे, लोह व कॅल्शियम आयुष्यभर घ्यायचे, हे माझे नियम आहेत. घास मोठा झाला किंवा नीट चावला गेला नाही तर तो छातीच्या हाडामागे अडकल्यासारखा होतो, तोंडाला फेसाळ लाळ सुटते आणि टेबलावरून उठावे लागते.

त्या रात्री घरी यावर चर्चा झाली. काकांचे म्हणणे असे, की ज्याने पोटाचे ऑपरेशन करून घेतले त्याने घरचे मऊ अन्न खावे, हॉटेलाला आपल्यासाठी बदलायला सांगू नये. वजन कमी करण्याचा हा आयता मार्ग आहे आणि त्याची किंमत ज्याची त्याने मोजावी, असेही त्यांच्या बोलण्यात होते. आयता मार्ग या शब्दाचा मला राग येतो आणि तो मी त्यांच्यापुढे लपवला नाही. जर्मनीत विमा कंपनीची मंजुरी मिळण्याआधी मला सहा महिने आहारतज्ज्ञ, व्यायाम आणि समुपदेशन यांची नोंद ठेवावी लागली होती, आणि त्याच्याही आधीची दहा वर्षे मधुमेहाशी झगडण्यात गेली होती. हॉटेलात जाऊच नका, हा सल्ला तर त्याहून कठोर आहे. साखरपुडा ठरल्यावर, मुलाचा निकाल लागल्यावर, परदेशातून लेक आल्यावर आमची घरे आज हॉटेलात जमतात. तिथे मला जागा नसेल, तर ती माझ्या माणसांत नसण्यासारखी गोष्ट होते.

मामेभावाचा मुद्दा मात्र मी गंभीरपणे घेते. पुणे रस्त्यावर त्याचे छोटे हॉटेल आहे. तो म्हणाला, ‘ताई, अर्ध्या प्लेटला गॅस अर्धा लागत नाही. वाढपी तोच, खुर्ची तीच, धुवायची भांडी तेवढीच. आणि वाढीव वाढायला लागलो तर लोक एका थाळीत तिघे जेवतात.’ पाटी का लागते, हे त्याने सांगितल्यावर मला नीट समजले. भरपेट थाळीचा दरच या हिशेबावर ठरतो, की एक माणूस फार खाईल, दुसरा कमी खाईल आणि सरासरी जुळेल. कमी खाणारा त्या हिशेबात आधीपासून धरलेला असतो, आणि जास्त खाणाऱ्याच्या जेवणाचा काही भाग त्याच्या पैशातून भागतो.

परदेशात सगळे सुरळीत आहे, असा समज घरी अनेकांचा असतो, म्हणून तिथले चित्र जसे आहे तसे मांडते. शस्त्रक्रियेनंतर मला रुग्णालयातून खिशात मावेल असे एक कार्ड मिळाले. या व्यक्तीच्या जठरावर शस्त्रक्रिया झाली असून तिला लहान किंवा मुलांसाठीची प्लेट द्यावी, अशी विनंती त्यावर छापलेली आहे. ती विनंतीच आहे. अनेक ठिकाणी कार्ड पाहून मान हलवतात आणि प्लेट आणतात, तर एके ठिकाणी मुलांची प्लेट बारा वर्षांपर्यंतच मिळेल असे मला सांगण्यात आले. तिथल्या बऱ्याच मेनूंवर ज्येष्ठांसाठी लहान प्लेट वेगळी छापलेली असते, आणि रॉयबरटेलर म्हणजे लुटारूची प्लेट नावाची एक सुंदर सोयही असते : मुलापुढे रिकामी प्लेट ठेवतात आणि ते आईबापांच्या ताटातले घास उचलून खाते. मात्र तिथेही या रिकाम्या प्लेटचे पैसे घेणारी हॉटेले आहेत. इटलीत कोमो तळ्याकाठच्या एका कॅफेने २०२३ च्या उन्हाळ्यात सँडविच मधोमध कापून देण्यासाठी दोन युरो आकारले, तेव्हा त्याची बातमी जगभर झाली होती. शिवाय जर्मनीत साधे पाणी आपोआप टेबलावर येत नाही. मालकाची कमाई पेयांवर असते, आणि जेवताना काहीही न पिणाऱ्या गिऱ्हाइकाकडे वेटर पुन्हा पुन्हा येऊन विचारतो. सोलापुरात बसल्याबरोबर पाण्याचा तांब्या पुढे येतो आणि तो तसाच भरलेला राहिला तरी कोणी काही म्हणत नाही. ही सुटका मला इथे आल्यावर दर वेळी जाणवते.

कायद्याचेही तसेच आहे. युरोपीय संघात डिसेंबर २०१४ पासून प्रत्येक खाद्यगृहाला चौदा प्रकारच्या ॲलर्जीकारक घटकांची माहिती द्यावी लागते. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या माणसाला त्याचा फार आधार आहे (दाण्याचे कूट नसलेली भाजी सोलापूरच्या हॉटेलात शोधणे त्याच्यासाठी जिवावरचे काम आहे). पण त्या चौदा घटकांत साखर नाही. भारतात अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार दहा किंवा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या हॉटेलांनी पदार्थांचे उष्मांक मेनूवर दाखवायचे आहेत. आमच्या शहरातले एका गाळ्याचे हॉटेल त्यात येत नाही, आणि आले तरी कढीतल्या उष्मांकांचा आकडा मला साखर किती हे सांगणार नाही. माझ्या नेमक्या प्रश्नाचे उत्तर दोन्ही देशांतल्या नियमांत नाही. ते आचाऱ्याकडे आहे. जर्मनीत वेटर ‘विचारून येतो’ म्हणतो आणि खरोखर आत जाऊन विचारून येतो. मला इथे एवढेच हवे आहे.

ताटात किती वाढावे, हा प्रश्न आपल्याकडे एकदा दिल्लीपर्यंत गेला होता. एप्रिल २०१७ मध्ये तत्कालीन अन्न व ग्राहक व्यवहार मंत्री रामविलास पासवान यांनी, दोनच कोळंब्या खाणाऱ्याला सहा का वाढायच्या, असे विचारले होते. त्यांचा रोख नासाडीवर आणि मोठ्या हॉटेलांवर होता, साध्या थाळीवर नव्हता. हॉटेलमालकांनी विरोध केला आणि सरकारने ताटातला घास मोजू नये, असे सामान्य लोकही म्हणाले. सरकारने मोजू नये, हे मलाही मान्य आहे. गिऱ्हाइकाला मोजू द्यावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

ही मागणी बाहेरून आणलेली नाही, हे मी जोर देऊन सांगते. ‘दोन फुल, एक हाफ’ अशी चहाची हाक सोलापूरच्या प्रत्येक चौकात ऐकू येते. बिर्याणीला हाफ आहे, चिकन हंडीला हाफ आहे. शाकाहारी थाळीपाशी आल्यावरच हा शब्द नाहीसा होतो. साध्या खानावळीत तर भाकरी नगावर मिळते आणि आमटीची वाटी वेगळी मिळते. त्या रविवारनंतर दोनच दिवसांनी मी आईबरोबर अशा एका खानावळीत गेले. चालवणाऱ्या मावशींनी हातात पळी धरून आधी विचारले, ‘किती वाढू?’ मी अर्धी वाटी म्हटले आणि त्यांनी अर्धीच वाढली.

तिथे मी कडक भाकरी खाल्ली. शस्त्रक्रियेनंतर मऊ पाव, नान आणि गरम पोळी मला चालत नाही. गव्हातल्या चिकटपणामुळे चावलेल्या घासाचा गोळा होतो आणि तो अडकतो. स्टुटगार्टमध्ये आहारतज्ज्ञाने मला पाव खायचाच असेल तर कुरकुरीत भाजून खा असे सांगितले, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा आमच्या कडक भाकऱ्यांची चवड आली. ज्वारीत तो चिकटपणा नसतो. पापडासारखी पातळ, विस्तवाच्या धगीवर पूर्ण वाळवलेली ती भाकरी हातात कटकन मोडते, आणि शेंगाचटणी व दह्याबरोबर सावकाश चावली की तोंडातच तिचे पीठ होते. अर्ध्या भाकरीला मला पंचवीस मिनिटे लागली आणि काहीही अडकले नाही. ज्या शहरातून ही भाकरी पाकिटात भरून गावोगावी जाते, त्या शहरातल्या मोठ्या थाळीत तिच्या जागी मैद्याची रोटी येते, याचे मला फार वाईट वाटते. अर्थात जे मला चालते ते सर्वांना चालेलच असे नाही. माझ्यासारखीच शस्त्रक्रिया झालेल्या एका मैत्रिणीला भाकरी कोणत्याही रूपात चालत नाही, पण तिला भात पचतो आणि मला तो जड जातो. म्हणूनच हॉटेलांनी आमच्यासाठी वेगळा मेनू करावा, असे मी मागत नाही. पदार्थ सुटा मिळावा, अर्धा मिळावा आणि विचारल्यावर खरे उत्तर मिळावे, एवढ्यात आम्हा सर्वांचे भागते.

आणि असे आम्ही थोडे राहिलेलो नाही. भूक कमी करणारी मौंजारो आणि वेगोव्ही ही इंजेक्शने २०२५ मध्ये भारतात आली, आणि ती घेणाऱ्यांनाही पूर्ण थाळी जात नाही. कवळी बसवलेले आजोबा, मधुमेहाची औषधे घेणारी आई, मूत्रपिंडाच्या आजारामुळे मीठ मोजणारे शेजारी यांनी कधी तक्रार केली नाही, कारण ताटात टाकून उठण्याची त्यांना लाज वाटते. माझी आई त्या रविवारी दोन पोळ्या आणि थोडा भात एवढेच जेवली होती. तिच्याही थाळीचे पैसे पूर्ण लागले, आणि ते माझ्या लक्षात रात्री आले.

निघायच्या आदल्या दिवशी मामेभावाशी पुन्हा बोलणे झाले. अर्ध्या थाळीला अर्धा दर मी मागितला नाही. जागेचा, गॅसचा आणि माणसाचा खर्च धरून पूर्ण दराच्या सत्तर टक्के घे, बदल्यात पदार्थ एकदाच वाढ आणि पुन्हा वाढू नकोस, असे सुचवले. या अटीवर एका थाळीत तिघे जेवण्याची त्याची भीती उरत नाही. त्याने कागदावर हिशेब मांडला, वेळ घेतला आणि सोमवार ते शुक्रवार करून पाहतो असे म्हणाला. शनिवार-रविवारी टेबलासाठी लोक बाहेर उभे असतात, तेव्हा त्याला ते परवडणार नाही. मी त्याला म्हटले, की आमच्यासारख्यांना घरची माणसे घेऊन येतात ती रविवारीच. यावर त्याने अजून उत्तर दिलेले नाही. पुढच्या महिन्यात फोन करीन तेव्हा मी पहिल्यांदा हेच विचारणार आहे.