साक्ष बिघडते ती कॉमेंटमध्ये
सोशल मीडियावर ख्रिस्ती साक्ष (आपल्या वागण्याबोलण्यातून दिसणारा विश्वास) कशी द्यावी, यावरच्या एका लेखात बायबलमधले ‘रोज एक वचन पोस्ट करा’ असा सल्ला आहे. करा की! पण साक्ष बिघडते ती वचनाच्या खाली, कॉमेंटमध्ये. भाऊ चुकला तर काय करायचे, याचा बायबलच्या मत्तय १८:१५-१७ मधला क्रम बघा: आधी एकट्याने जाऊन बोलायचे, मग एकदोघांना सोबत न्यायचे, शेवटी मंडळीपुढे (चर्चपुढे) मांडायचे. फेसबुकवर नेमके उलटे होते. पाळकांची (चर्चच्या धर्मगुरूंची) चूक आधी चारचौघांत, फोन नंतर, बहुधा नाहीच.

सगळ्यात जास्त नुकसान प्रार्थना-विनंतीतून होते. आजाराचे नाव, हॉस्पिटल, वर रिपोर्टचा फोटो. आधी घरच्यांना विचारा. त्यांनी हो म्हटले तरी ‘एका बहिणीच्या ऑपरेशनसाठी प्रार्थना करा’ एवढे पुरते. देवाला वॉर्ड नंबर लागत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर संदेश सर्वांसाठी पुसायला दोन दिवसांहून थोडा जास्त वेळ मिळतो, पण तोवर कुणी स्क्रीनशॉट काढला असेल तर तो राहतोच. गटाच्या अ‍ॅडमिनला दुसऱ्याचा संदेशही काढता येतो. अशा वेळी भीड न ठेवता काढावा आणि पाठवणाऱ्याला खासगीत कारण सांगावे, गटात नव्हे.

आणि ख्रिस्ती लोकांच्या छळाच्या बातम्या. संदेशावर दुहेरी बाण दिसला म्हणजे तो पाच किंवा अधिक वेळा पुढे ढकललेला आहे. गाव, तारीख आणि मूळ बातमी सापडेपर्यंत थांबा. जुना फोटो नव्या घटनेच्या नावाने फिरवणे ही खोटी साक्षच. ‘खोटी साक्ष देऊ नको’ ही दहा आज्ञांमधली नववी आज्ञा (कॅथलिक मोजणीत आठवी) हेतू चांगला म्हणून सूट देत नाही.