खुलासा : महिंदरसिंग पुज्जी आणि ‘१९४० ची लढाई’

पगडी घातलेल्या लढाऊ वैमानिकाच्या फोटोसह एक संदेश फिरतो आहे : “स्क्वाड्रन लीडर महिंदरसिंग पुज्जी १९४० च्या ‘बॅटल ऑफ ब्रिटन’मध्ये लढले.” फोटोतली पगडी खरी, ती घालूनच ते उडत. वर्ष मात्र चुकलं आहे.

‘बॅटल ऑफ ब्रिटन’ म्हणजे दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनवर हल्ला करणाऱ्या जर्मन हवाई दलाशी ब्रिटिश हवाई दलाने दिलेली झुंज. ब्रिटनच्या नोंदीनुसार ही लढाई १० जुलै ते ३१ ऑक्टोबर १९४० अशी धरतात. त्या काळात ठरावीक ७१ तुकड्यांपैकी एकीतून किमान एक प्रत्यक्ष लढाऊ उड्डाण केलेल्यांनाच त्यात गणतात. पुज्जी २४ भारतीय वैमानिकांच्या तुकडीबरोबर १९४० च्या शरदात ब्रिटनला पोहोचले. भारतात त्यांनी आधी विमान चालवलं होतं, तरी लढाऊ विमानासाठी तिथे नव्याने प्रशिक्षण घ्यावं लागलं. हरिकेन हे लढाऊ विमान घेऊन ते लढायला उतरले १९४१ मध्ये. गोंधळ होतो तो इथेच : पोहोचल्याचं वर्ष लढल्याचं वर्ष समजलं जातं.

पुढे उत्तर आफ्रिका, मग ब्रह्मदेश, आणि डीएफसी हे शौर्यपदक. उतारवयात ते भारतीय वैमानिकांच्या विस्मृतीत गेलेल्या कामगिरीबद्दल आवर्जून बोलत. त्यांच्याबद्दल चुकीची तारीख पसरली, तर त्या साक्षीवरच शंका घेतली जाते. म्हणून जुना संदेश कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच गटात ‘१९४१ पासून’ अशी दुरुस्ती टाका.